बिनआकड्यांची काठी

भांडण सकाळी साडेसहाला सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर धाकटीची त्यात काहीच चूक नव्हती. तिच्या इमारतीच्या फाटकासमोर कुणीतरी पांढरा टेम्पो आडवा लावून ठेवला होता. मागे ताडपत्रीखाली लाकूडसामान, पुढे एक माणूस, आणि त्याच्या हातात फ्लास्कच्या झाकणातला चहा. दादाने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, साडेसहाला गाडी येईल, वेळेवर खाली ये. आता ती गाडी आली तर थांबणार कुठे, या माणसाच्या डोक्यावर?

तिने काचेवर टकटक केलं आणि पोटातलं सगळं ओठांवर आणलं. रस्ता कुणाच्या तीर्थरूपांचा नसतो, फाटकावर 'गाडी लावू नये' असं हातभर अक्षरांत लिहिलंय, आणि चहा प्यायला जगात दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत. त्या माणसाने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. तिचा श्वास संपेपर्यंत थांबला, झाकण पुसून फ्लास्कला लावलं, आणि म्हणाला,

"धाकटी तुम्हीच का?"

"...कोण म्हणालं तुम्हाला?"

"दादा. म्हणाले, धाकटी आधी भांडेल, मग बसेल. बॅग मागे टाकू की पायाशी?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती अशी. म्हणजे हीच ती गाडी. सख्ख्या भावाने सख्ख्या बहिणीला लाकडांबरोबर पाठवायचं ठरवलं होतं, कारण सुतार आईकडेच निघाला होता आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिला विचारायचं वगैरे काही नाही. त्या घरात कुणाला काही विचारायची पद्धतच नव्हती. जे ठरायचं ते दादाच्या जेवणाच्या टेबलावर ठरायचं आणि बाकीच्यांना फोनवर कळायचं.

आता हिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. धाकटी तीन भावंडांतलं शेंडेफळ, वय एकतीस, नोकरी फ्रिजच्या कंपनीत, तक्रार विभागात. दिवसाचे आठ तास ती लोकांचा संताप कानांवर घ्यायची आणि मधासारख्या आवाजात 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' म्हणायची. त्यामुळे स्वतःचा राग सगळा शिल्लक पडायचा, आणि तो खर्च करायला शनिवार-रविवार हे दोनच दिवस मिळायचे. आज शनिवार होता.

टेम्पोचं तिच्या बाजूचं दार दोरीने बांधलेलं होतं. सुताराने गाठ सोडली, तिला चढू दिलं आणि बाहेरून पुन्हा गाठ मारली.

"सुतार आहात ना? स्वतःच्या गाडीचं दार तरी बसवून घ्या," ती म्हणाली.

"दार पत्र्याचं आहे. लाकडाचं असतं तर बसवलं असतं."

असं म्हणून त्याने गाडी सुरू केली. उत्तर इतकं सरळ होतं की त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती, आणि याचाच तिला जास्त राग आला.

शहर संपेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मनात हिशेब चालू होता तो आईचा. आई बहात्तर वर्षांची, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. वजनमाप खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होती. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, कापडवाल्याची पट्टी अर्ध्या बोटाने कमी निघाली तर भर बाजारात त्याची हजेरी घ्यायची. घरातही तोच खाक्या. 'अंदाजपंचे दाहोदरसे बोलू नका' हे वाक्य मुलांनी बाराखडीच्या आधी ऐकलं होतं. अशी ही आई दोन महिन्यांपूर्वी फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि पडली. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण दादाला तेवढं पुरलं. आता आई एकटी राहणार नाही, ती माझ्याकडे येईल, मागची खोली रिकामी करतोय, घर भाड्याने देऊ, विषय संपला.

विषय संपला? धाकटीने फोनवर आकाशपाताळ एक केलं. आईला विचारलंस का, हा तिचा प्रश्न होता. अरे, विचारायचं काय त्यात, हे दादाचं उत्तर होतं. पंधरा दिवसांच्या रणधुमाळीनंतर दादा एक पाऊल मागे आला. वहिनीने एक सुतार शोधून काढला होता, म्हाताऱ्या माणसांच्या मापाचं सामान करणारा. त्याच्याकडून आईच्या स्वयंपाकघराच्या फळ्या खाली आणायच्या, न्हाणीघरात धरायला दांडे लावायचे, बेताच्या उंचीचं टेबल आणि खुर्ची करायची. सगळं आईला नीट जमलं तर ती राहील. नाही जमलं, तर या महिनाअखेरीस दादाकडे. म्हणजे आईचं घर आता या टेम्पोत मागे ताडपत्रीखाली होतं, आणि ते घेऊन चाललेला माणूस आरामात शीळ घालत होता.

तासाभराने तिच्या लक्षात आलं की तो मधूनमधून खाली बघतोय. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच.

"काय बघताय?"

"पाय," तो म्हणाला.

"थांबवा गाडी."

"टेकत नाहीयेत तुमचे." त्याने हाताने सीटखाली दाखवलं. "सीट उंच आहे. असे लोंबकळत ठेवलेत तर दोन तासांत मुंग्या येतील. बॅगेवर ठेवा."

पाय खरंच लोंबकळत होते, शाळेच्या बाकावर बसलेल्या पोरीसारखे. तिची उंची पाच फूट एक इंच, आणि हा विषय तिला अजिबात आवडत नव्हता. ती म्हणाली की तिच्या पायांचं ती बघून घेईल, त्याने रस्त्याकडे बघावं. त्याने रस्त्याकडे बघितलं. दहा मिनिटांनी, तो आरशात बघत असताना, तिने हळूच पाय बॅगेवर ठेवले.

नऊच्या सुमाराला रस्त्याकडेच्या एका टपरीवर ते थांबले. उन्हं कोवळी होती, वारा सुटला होता, ताडपत्रीखालून ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा वास येत होता. सुताराने ताडपत्रीचा कोपरा उचलून दोऱ्या तपासल्या, तेव्हा तिने आतलं टेबल पाहिलं. पाहिलं आणि तिचे डोळेच विस्फारले. टेबलाचे पाय भलतेच लांब होते. खुर्चीचेही. त्यावर बसायला आईला शिडी लागली असती.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "माप दिलं होतं ना तुम्हाला?"

"दिलं होतं ना. तिघांनी दिलं." त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "दादा म्हणाले, आईची उंची पाच फूट चार. ताई म्हणाल्या, पाच दोन. तुम्ही म्हणालात, पाच तीन, आणि वर म्हणालात की यात शंका घेऊ नका. तिघांची आई एकच आहे ना?"

"माझंच बरोबर आहे. तिच्या नोकरीच्या ओळखपत्रावर लिहिलेलं आहे. मला पाठ आहे ते."

"ओळखपत्र कधीचं?"

तिने पेला तोंडाला लावला. ओळखपत्र ती जन्मायच्या आधीचं होतं.

"म्हणून पाय कापलेच नाहीत," तो म्हणाला. "लांब आहे ते छाटता येतं. एकदा आखूड झालं की जोडता येत नाही. तुमच्या आईंना बघीन आणि मग करवत लावीन."

मग त्याने आपली काठी दाखवली. साधी सपाट काठी, माणसापेक्षा वीतभर उंच, एकही आकडा नसलेली. तो टेप वापरत नसे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक वेगळी काठी, आणि तिच्यावर पेन्सिलीने चार खुणा: बसल्यावर गुडघा कुठे येतो, उभं राहिल्यावर कोपर कुठे, नजर कुठे, आणि टाचा न उचलता हात वर कुठवर पोचतो. बस. दुकानात खिळ्याला अशा पन्नास-साठ काठ्या लटकवलेल्या होत्या म्हणे. आईची काठी अजून कोरी होती.

"माझी आई वजनमाप खात्यात होती," धाकटी म्हणाली. "बिनआकड्यांची काठी बघून ती तुम्हाला घरात घेणार नाही."

"सकाळी तुम्ही मला फाटकासमोरही थांबू देत नव्हता. तरी बसलातच ना गाडीत."

तिला हसू आलं. तिने ते चहात बुडवलं, पण त्याने बघितलं होतं.

पुढच्या वाटेवर ती जरा सैल झाली आणि अचानक तिला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी ऑफिसात आईची उंची विचारायला फोन आला होता. त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा आला, न्हाणीघरातल्या दांड्यांना रंग कुठला द्यायचा म्हणून. ती कामात होती. कुठलाही द्या म्हणाली होती.

"तो फोन तुमचा होता?"

"दोन्ही माझेच." तो रस्त्याकडे बघत होता. "पहिल्या फोनला तुम्ही शेवटी म्हणालात, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"सवय आहे हो ती. मी रोज शंभर जणांना म्हणते."

"मला काय माहीत... मला खरं वाटलं. म्हणून परत केला."

"मग रंग?"

"दांड्यांना रंग नसतोच. साधं पॉलिश."

खोटं कारण काढून फोन करणाऱ्या माणसावर चिडायला हवं, हे तिला कळत होतं. तिने चिडायचा प्रयत्नही केला. पण राग नेमका अशा वेळी दगा देतो. ती खिडकीकडे वळून बसली आणि उगाचच दाराची दोरी घट्ट केली.

मग तिनेच विचारलं, म्हाताऱ्यांचंच सामान का करता. त्याने थोडक्यात सांगितलं. त्याचे वडीलही सुतार. जन्मभर लोकांना ऐसपैस खुर्च्या करून दिल्या, घरातही तसलीच एक होती. शेवटच्या वर्षांत ते वाकले, लहान झाले, आणि त्याच खुर्चीत बसले की त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. ते रंगाच्या रिकाम्या डब्यावर पाय ठेवून बसायचे. कधी बोलले नाहीत. "सुताराच्या बापाचे पाय लोंबकळत होते," तो म्हणाला, "आणि सुतार शेजारी बसून जेवत होता. ते गेल्यावर डबा उचलला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

तिने बॅगेवरच्या आपल्या पायांकडे बघितलं, आणि मघाच्या 'थांबवा गाडी'ची तिला लाज वाटली.

एक वाजता ते पोचले. जिन्यातच तिला पुठ्ठ्याची खोकी दिसली. नवीकोरी, घडी घातलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली, चांगली बारा. दार उघडायच्या आधीच तिचं डोकं पुन्हा तापलं. म्हणजे बाजारात तुरी! सामान अजून गाडीतून उतरलं नाही, आणि दादाची बांधाबांधीची तयारी झालीसुद्धा.

दार आईने उघडलं. धाकटीने तिला मिठी मारली, आणि मिठीतच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आईचा भांग तिच्या डोळ्यांसमोर होता. मोठी झाल्यापासून आईचा कानच तिच्या नाकाशी यायचा. भांग तिने असा कधी बघितलाच नव्हता. दहा महिन्यांपूर्वी ती आली होती तेव्हा... तेव्हा काय? तेव्हा ती दीड दिवस आली होती आणि त्यातला एक दिवस फोनवर होती. आई समोर बसलेली होती एवढंच आठवत होतं. उभी राहिलेली आई तिने बघितली होती का?

आत दादा, वहिनी आणि ताई आधीच येऊन बसले होते. ताई तिच्या गावाहून बसने आली होती. धाकटीने पाणीही न पिता खोक्यांचा विषय काढला. दादा म्हणाला, नुसती आणून ठेवलीत, लागली तर असावीत. ताई म्हणाली, आल्या आल्या भांडू नकोस. दादा म्हणाला, आईला आता झेपत नाही, हे तू दुरून बोलतेस म्हणून तुला दिसत नाही, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. धाकटी म्हणाली, तू दहा मिनिटांवर राहतोस, तुला तरी काय दिसतंय. असं पंधरा मिनिटं चाललं. आईला हे, आईला ते, आईला जमेल, आईला जमणार नाही. आई मधल्या खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. धाकटीनेही नाही.

सुतार टेबल घेऊन दारात उभा होता. त्याने टेबल खाली ठेवलं आणि सरळ आईपुढे गेला.

"तुम्ही भाजी कुठे उभं राहून चिरता?"

आईने चष्मा वर केला.

"खिडकीपाशी. तिथे उजेड असतो. ही काठी कसली?"

"मापाची."

"यावर आकडे कुठे आहेत?"

"आकडे घातले की लोक आकड्यांवर भांडतात. खुणेवर कुणी भांडत नाही."

"मी भांडेन," आई म्हणाली, आणि उठली. कपाटामागे हात घालून तिने पितळी टोकांची आपली जुनी मीटरपट्टी काढली, खात्याचा शिक्का असलेली. निवृत्त होताना ती तिने मागून घेतली होती. "आधी हिने माझी उंची घ्या. मग तुमच्या काठीचं बघू."

आई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा चिकटवून, मान सरळ, जशी ती मुलांना उभी करायची तशी. सुताराने डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, चौकटीवर रेघ मारली आणि पट्टी लावायला धाकटीला बोलावलं. तिने एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग सेंटिमीटरचे फूट-इंच केले, आणि तेही दोनदा.

"चार फूट अकरा," ती म्हणाली. तिचा आवाज तक्रार विभागातला नव्हता.

दादा म्हणाला, काहीतरी चुकतंय. ताईने स्वतः येऊन पट्टी लावली. चार अकराच. आई चौकटीपासून बाजूला झाली आणि तिघांकडे बघत राहिली.

"बत्तीस वर्षं लोकांना कमी मापाबद्दल दंड केला," ती म्हणाली. "जास्त मापाचा गुन्हा पहिल्यांदाच बघतेय, तोही घरात." मग तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्हाला मी अजून तेवढीच दिसते, याचं बरं वाटलं. पण फळ्या त्या उंचीच्या आहेत, आणि मी नाही. म्हणून पडले. डोकं फिरलंय म्हणून नाही की हातपाय गेलेत म्हणून नाही. हे मी दोन महिने सांगणार होते. कुणी विचारेल म्हणून थांबले."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर ती आईच्या बाजूने घसा फोडून भांडली होती, आणि जिच्यासाठी भांडली तिच्याकडे बघितलंच नव्हतं. पाच तीन, यात शंका घेऊ नका... हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं काय असतं? ती आईजवळ जाऊन बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मीसुद्धा अंदाजपंचेच बोलले गं." आईने तिच्या गुडघ्यावर थापटलं, बस एवढंच.

मग करवत सुरू झाली. काठीवर चार खुणा झाल्या आणि प्रत्येक खूण आईने पट्टीने तपासून घेतली. दुपारभर टेबलाचे पाय छाटले जात होते, जुन्या फळ्या उतरत होत्या, भिंतीला नवी भोकं पडत होती. धाकटी स्क्रू पुरवत होती, भुसा झाडत होती, आणि सुतार कानामागे पेन्सिल लावून इतका हळू काम करत होता की पाहणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा. तिने तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, रागावलेल्या माणसाने धरलेली फळी सरळ राहत नाही, जरा शांतपणे धरा. तिने शांतपणे धरली. धरताना दोघांचे हात लाकडाच्या एकाच टोकाला आले आणि दोघांनीही ते जरा उशिराच काढले.

हे आईच्या नजरेतून सुटलं नाही. संध्याकाळी भांडी विसळताना तिने लेकीला हळूच सांगितलं, "तराजूचा काटा कुठे झुकतो ते मला लांबून कळतं. दोन्हीकडचा."

"आई, काहीतरीच."

"आणि माणूस मोजून काम करतो. आजकाल मिळत नाहीत असले." एवढं बोलून तिने ताट फडक्याने कोरडं केलं. सुताराची झोपायची सोय दादाने आपल्याकडे केली.

रविवारी अकरा वाजता परीक्षा झाली. परीक्षाच म्हणायची, कारण दादा हाताची घडी घालून उभा होता. आईने जमिनीवर दोन्ही पाय टेकवून नव्या खुर्चीत बसून दाखवलं, एका हाताने उठून दाखवलं. मग खिडकीपाशी गेली, टाचा न उचलता फळीवरून साखर घेतली, चहापत्ती घेतली, सहा कप चहा केला आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. कुणी मदतीला पुढे झालं की नुसती बघायची. मग पुन्हा कुणी झालं नाही.

दादाने चहा संपवला. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता, आणि ते आज पहिल्यांदा त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो म्हणाला, "आज जमलं. उद्या?"

"उद्या जमलं नाही तर मी सांगेन," आई म्हणाली. "तू विचारायला ये. रोज ये, दहा मिनिटांवर तर आहेस. आणि ती खोकी आत आण, वाया कशाला घालवायची."

खोकी आत आली. आईने माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे तिघांच्या शाळेच्या वह्या होत्या, दादाच्या क्रिकेटच्या बॅटी, ताईची हार्मोनियम, धाकटीचे वक्तृत्वाचे सतरा पेले. तिथवर आईचा हात पोचत नाही, म्हणजे ते सामान आईचं नाही, असा साधा न्याय होता. दोन तासांत बाराही खोकी भरली आणि प्रत्येकाने आपापली उचलून खाली नेली. धाकटीच्या वाट्याला तीन आली. बांधाबांधी झाली ती अशी, आणि घरातून बाहेर पडली ती मुलं.

चारला परत निघायची वेळ झाली. आईने दारातच निरोप घेतला. तिची काठी सुताराने हातात घेतली आणि म्हणाला, माणूस बदलत राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी खुणा पुन्हा तपासाव्या लागतील. आई म्हणाली, खात्याचाही तोच नियम होता.

धाकटी टेम्पोत चढली, सवयीने पाय बॅगेकडे नेले, आणि थबकली. पाय टेकले होते. सीटखाली एक फळी बसवलेली होती, कडा घासून गुळगुळीत केलेली, जराशी तिरकी. टाचा बरोबर तिच्यावर बसत होत्या. केसाचाही फरक नव्हता.

सुतार बाहेरून दाराला गाठ मारत होता. तो आत येऊन बसेपर्यंत तिचा राग तयार होता.

"हे कधी केलंत?"

"दुपारी. तुम्ही पेले बांधत होता."

"आणि माप?"

"काल तुम्ही आईंच्या जुन्या टेबलावर बसून पाय हलवत होता, तेव्हा..."

"म्हणजे मला न विचारता." तिने पूर्ण त्याच्याकडे वळून बघितलं. "दोन दिवस त्या घरात काय चाललं होतं ते बघितलंत ना? तिथे एकट्या तुम्ही विचारलंत, म्हणून मला तुम्ही... म्हणून मला बरं वाटलं होतं. आणि तुम्हीही तेच करणार? धाकटी आहे, हिला काय विचारायचं?"

त्याने किल्ली लावलेली होती, पण फिरवली नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"चुकलं," तो म्हणाला. मग सीटमागे हात घालून त्याने एक काठी काढली. नवी, पांढरट, अजून लाकडाचा वास असलेली. तिच्यावर खाली एकच खूण होती. "एक खूण न विचारता झाली. लोंबकळणारे पाय मला बघवत नाहीत. पण बाकीच्या... बाकीच्या केल्या नाहीत. त्या विचारून करायच्या होत्या. काल संध्याकाळपासून विचारायचं होतं, पण तुम्ही सारख्या चिडलेल्या असता."

"मी चिडलेली नाहीये," ती चिडून म्हणाली.

वरच्या खिडकीत आई उभी होती, खिडकीपाशीही बसवलेल्या नव्या दांड्याला धरून, आणि टेम्पो हलत का नाही हे बघायला चष्मा वर करत होती.

धाकटीने त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. काठीचं वरचं टोक खिडकीबाहेर काढून ती पायांशी धरली, कोपर वाकवलं, आणि कोपराशी स्वतःच्या हाताने एक खूण केली.

"वाकडी आली," तो हळूच म्हणाला. "आणि ही उभं राहून घ्यायची असते."

"मग उरलेल्या तुम्ही घ्या. उभं राहून. टपरीवर थांबू तेव्हा." तिने पेन्सिल त्याच्या हातात ठेवली आणि पुढे रस्त्याकडे बघत म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यात मला आईच्या खुणा तपासायला यायचंय. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"हे विचारताय की सांगताय?"

"विचारतेय," ती म्हणाली. "आमच्या घरात कालपासून विचारतात."

त्याने किल्ली फिरवली. टेम्पो वळला, दोरीने बांधलेलं दार नेहमीसारखं खडखडलं, आणि त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. पाय फळीवर नीट टेकवून ती बसली होती, आणि तो अजून हो म्हणाला नाही म्हणून तिला राग यायला सुरुवात झालीच होती, एवढ्यात तो हो म्हणाला.